मधले नऊ सेंटिमीटर

१

रोज सकाळी तोंड धुतलं की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचो आणि डाव्या हाताच्या बोटाने उजव्या हातावर टिचक्या मारायचो. कोपराखालून सुरुवात करून मनगटाच्या दिशेने, अगदी थोडं थोडं सरकत. एका ठिकाणी टिचकी पडली की मेलेल्या बोटांत मुंग्या यायच्या. तिथे निळ्या बॉलपेनने ठिपका द्यायचा आणि टेप लावून मोजायचं. टेप कामावरचा होता, स्टीलचा. त्याच्या डबीवर दादाने खिळ्याने कोरून ठेवलं होतं, 'घाईने हात लावू नये'.

घाई म्हणजे मी. सातव्या महिन्यातच जन्मलो. आई म्हणायची, याला पोटातसुद्धा दम निघाला नाही. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, आणि शाळा मी सातवीत सोडली.

टिचक्यांचं हे काम मला डॉक्टरीणबाईंनी लावून दिलं होतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. नस म्हणजे तुमची वायरच समजा, म्हणाल्या, आत तार आणि वर आवरण. नस तुटली की खालच्या भागातली तार मरते, विरघळून जाते. आवरण मात्र जागेवर राहतं, पोकळ. मग वरून नवी तार त्या पोकळीत शिरते आणि वाढत वाढत खाली येते, रोज साधारण एक मिलिमीटर. तिचं टोक जिथवर आलं असेल, तिथे टिचकी मारली की बोटांत मुंग्या येतात.

मला ते एका झटक्यात समजलं. जन्मभर मी रिकाम्या पाइपातून केबलच ओढत आलोय.

माझ्या हातात अडचण एवढीच होती की मधला नऊ सेंटिमीटरचा तुकडा आवरणासकट गेला होता. तार वाढून जाणार कुठून? म्हणून तिथे दुसऱ्याचं आवरण बसवलं. दादाच्या पोटरीतलं. तो त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर होता, आणि आईने सही केली होती.

"त्यातलं आतलं सगळं काढून टाकलंय ना?" मी विचारलं.

"सगळं," त्या म्हणाल्या. "धुऊन घेतलंय. नुसती पोकळ नळी आहे."

२

आमचं काम रस्त्याखालचं. जमिनीत पाइप पुरलेले असतात आणि दर दीडशे मीटरवर एक चेंबर. एका चेंबरातून केबल आत सोडायची, दुसऱ्या चेंबरावर विंच लावून वायरने ती ओढून घ्यायची. सोडणारा दादा, ओढणारा मी. खाली मोबाइलला रेंज नसते आणि वर ट्रकांच्या आवाजात ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून त्याच पाइपातून एक बारीक नायलॉनची दोरी टाकलेली असते, खुणेची. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे सैल सोड. ज्याला खूण मिळाली त्याने तीच खूण परत द्यायची, आणि परत दिल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. वडिलांनी हे दादाला शिकवलं आणि दादाने मला. वडील गेले तेव्हा त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आमच्या धंद्यात हे फार थोड्यांच्या नशिबी येतं.

त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं होतं. कारण सांगायला लाज वाटते. त्याने माझा धुतलेला शर्ट घातला होता. दुपारी सव्वाबाराला, शेवटची वीस मीटर केबल राहिली असताना, दोरीला एक झटका आला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही. पाइपाला वळण असलं की एखादा झटका वळणात मुरतो, हे खरं आहे, कोणालाही विचारा. दुसरा मुरला असणार असं मी धरलं. मला भूक लागली होती आणि मी चिडलेलो होतो. खूण परत न देता मी विंच चालू केलं.

तिकडे केबल पाइपाच्या तोंडाशी अडकली होती आणि दादा खांद्यापर्यंत आत वाकून ती मोकळी करत होता.

विंचने अर्धा मिनिट ओढलं असेल. मग वायर तुटली, पाइपातून उसळून बाहेर आली आणि माझा उजवा हात कोपराखाली उघडा करून गेली. त्यामुळे मला तिकडे धावत जाता आलं नाही. त्याला कोणी कसं बाहेर काढलं ते मी पाहिलेलं नाही. लोकांनी सांगायचा प्रयत्न केला, मी त्यांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब फाइल घेऊन खाटेजवळ बसले. किती झटके आले, त्यांनी विचारलं. मी छताकडे बघत म्हणालो, "दोन."

त्यांनी तसं लिहून घेतलं. नंतर कागद घरी आला. त्यात होतं, मयताने दिलेल्या चुकीच्या इशाऱ्यामुळे.

३

ठिपके रोज खाली सरकत होते. वरचा टाका ओलांडून माझी तार दादाच्या आवरणात शिरली त्याला सत्तावीस दिवस झाले आणि माझा ठिपका टाक्यापासून बरोबर सत्तावीस मिलिमीटरवर होता. आईला दाखवलं. तिने बघून मान हलवली आणि दाराजवळचे दादाचे कामावरचे बूट पुसायला घेतले. ते ती दर रविवारी पुसायची.

टेप मिटताना डबी हातून निसटली आणि तिची कड मनगटाच्या वर, हातावर आपटली. तिथे मला काही जाणवायला नको होतं. माझी तार अजून तिथपासून खूप वर होती, खाली सगळं पोकळ. पण आपटल्यावर मुंग्या उठल्या.

त्या बोटांत आल्या नाहीत. कोपराकडेही गेल्या नाहीत. मुंग्या माझ्या हातातून निघाल्या आणि माझ्या अंगात कुठेच पोचल्या नाहीत. हे नीट सांगता येत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि तळाचा आवाज येऊ नये, तसं.

मी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा तेच. आजूबाजूला मारून पाहिलं, तिथे काही नव्हतं. त्या एका जागेवरच होतं. घरात दुसरं पेन लाल होतं, त्याने ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी निळा ठिपका एक मिलिमीटर खाली आला होता, आणि लाल जागा एक मिलिमीटर वर सरकली होती.

मी खालच्या टाक्यापासून मोजलं. आदल्या दिवशी वरून सत्तावीस होते, खालूनही सत्तावीस. दोघं एकाच दिवशी निघालेले. म्हणजे तेव्हा मधे छत्तीस उरले होते, आणि दोन्हीकडून रोज एक धरला तर एकंदर अठरा दिवस. गणितात मी कायम नापास, पण दोन चेंबरांमधला हिशेब मला झोपेतून उठवून विचारा.

४

माणूस आधी स्वतःला समजावून बघतो. डोळा लवतो, मांडी फडफडते, तसंच काहीतरी असेल. इमारतीचा पंप सकाळी सातला सुरू झाला की भिंतीतले पाइप घुमतात, खुर्चीचा हात भिंतीला टेकलेला असतो, त्याचा हादरा असेल. मी खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली. पंप बंद व्हायची वाट पाहिली. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवली, मग तेही थांबलं. खोलीत फक्त नळाचं थेंब थेंब गळणं होतं. उठून तेही घट्ट केलं.

लाल ठिपक्यावर एकदा टिचकी मारली.

थोडा वेळ गेला. दीडशे मीटर दोरीला लागतो तेवढा. मग हाताच्या आत, हाडाजवळ, एक झटका परत आला.

दोनदा मारली. दोन परत आले. मग मी लबाडी केली. तीन मारल्या, पण पहिल्या दोन लागोपाठ आणि तिसरी मुद्दाम उशिरा. परत आलेले तीनही तसेच होते, तिसरा उशिरा. स्नायू असं फडफडत नाही.

मी पुन्हा दोन मारल्या आणि या वेळी लक्ष देऊन मोजलं. परत आलेल्या दोनांतला दुसरा जास्त जोरात होता. दादा दुसरा झटका नेहमी जोरात द्यायचा. वळणात मुरू नये म्हणून. अकरा वर्षं त्याने तो जोरातच दिला आणि अकरा वर्षं तो मला मिळाला. हे मी विंचजवळ उभा असताना विसरलो होतो, की विसरायचं ठरवलं होतं, ते मला आता सांगता येत नाही.

त्यानंतर मी टिचक्या मारणं बंद केलं. हाताला फडकं गुंडाळून ठेवलं.

५

एका सकाळी अकराच्या सुमारास आमच्या कामावरचे मुकादम भेटायला आले. आईने त्यांना पाणी दिलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, मयताच्या घरी बसतात तसे, आणि बराच वेळ ग्लास नुसता फिरवत राहिले. मग म्हणाले की त्यांना अजून पटत नाही. अकरा वर्षांत थोरल्याने एक खूण चुकवली नाही. पाइपात साप निघाला होता तेव्हासुद्धा आधी थांबची खूण दिली, परत आली, मगच चेंबरातून बाहेर पडला. वर येऊन म्हणाला, साप चावला तरी चालेल, घाईकडून खूण परत यायला पाहिजे. मुकादम हसले. आई हसली नाही.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्याकडून चूक झाली असती तर मला एवढं नवल वाटलं नसतं बघ, घाई."

त्यांनी ते मायेने म्हटलं, मला कळत होतं. माझ्या तोंडावर हसू आलं आणि नेमकं त्याच वेळी फडक्याच्या आत झटका बसला. मी टिचकी मारलेली नव्हती. एकच झटका. मी थांबलो. दुसरा आला नाही.

पाच मिनिटांनी पुन्हा एक.

त्या दिवसापासून हे चालू झालं. जेवताना, आंघोळीला बसलो असताना, आईशी बोलताना. नेहमी एकच. थोडा वेळ वाट बघायचा आणि पुन्हा एक. मला काय करायला हवं होतं ते कळत होतं. एक टिचकी परत द्यायची, संपलं. पण एक परत देणं म्हणजे एक मिळाल्याचं कबूल करणं. फाइलीत दोन लिहिलेले होते.

आई मधेच एकदा भांडी घासता घासता म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी, "हात आत अडकलेला असताना त्याने ओढ म्हणून कसं सांगितलं असेल रे?"

मी म्हणालो, मला काय माहीत. आणि हात पाठीमागे घेतला.

६

मधे आठ मिलिमीटर राहिले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाकावर बसलेल्या माणसांना ओलांडून सरळ आत शिरलो, त्यावरून तिथल्या नर्सने मला झापलं. मी बाईंना सांगितलं, हे काढून टाका. जे घातलंय ते काढा, बोटं मेली तरी चालतील.

त्या चिडल्या नाहीत. असं होतं म्हणाल्या, दुसऱ्याचं काही आपल्या अंगात आहे हे मनाला लवकर पटत नाही, त्यात सख्ख्या भावाचं. मी लाल ठिपका दाखवला. खालून काही वाढत नसतं, त्या म्हणाल्या. खाली वाढायला काही शिल्लकच नाही. आवरण काढलं तर या हाताने पुन्हा कधी विळा, पाना, पेन, काही धरता येणार नाही. एवढ्या छान वाढीवर कोण सुरी फिरवेल?

मग माझी समजूत पटावी म्हणून त्यांनी माझा हात टेबलावर घेतला. वरून टिचक्या मारत आल्या. निळ्या ठिपक्यावर मुंग्या आल्या, "बघा," म्हणाल्या. मग आठ मिलिमीटर सोडून लाल ठिपक्यावर मारली.

त्यांनी हात झटकन मागे घेतला. स्वतःच्या बोटाकडे बघितलं. ते बोट कोटाला पुसलं. एकदा, आणि मग आणखी एकदा.

"महिन्याने या," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी पुढच्याला बोलावलं.

७

मधे दोन उरले त्या सकाळी आई पाण्यासाठी खाली गेली होती. मी दादाची पिशवी उघडली आणि केबलचं आवरण सोलायचा चाकू काढला. वाकड्या पात्याचा, आतल्या तारेला धक्का न लावता वरचं कव्हर तेवढं उतरवणारा. हात टेबलावर ठेवला. कुठे कापायचं ते मला माहीत होतं, मीच रोज आखून ठेवलं होतं.

झटका आला. एक. मी पातं टेकवलं.

आई दारात उभी होती. तिने बादली खाली ठेवली, पाणी सांडू न देता. जवळ येऊन माझ्या हातातून चाकू काढून घेतला, मिटला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. मग विचारलं, काय चाललंय.

मी सगळं सांगितलं. भडाभडा, उलटसुलट. निळे ठिपके, लाल ठिपके, खालून कोण येतंय ते. मला वेड लागलंय असं तिला वाटेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती ठिपके बघत होती. शेवटी मी म्हणालो, "आई, एकच आला होता. दोन नाही. त्याने थांब म्हणून सांगितलं होतं."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने टेबल पुसलं. तिथे काही सांडलं नव्हतं.

"परत दिला होतास?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तो अजून वाट बघत असेल," ती म्हणाली. "दे."

मी दिला. लाल ठिपक्यावर एक टिचकी. तिकडून काही आलं नाही. दिवसभर आलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात गप्प होता. आई कामं करत राहिली, संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त भाजल्या आणि का भाजल्या ते सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलो. एवढंच तर हवं होतं त्याला.

८

सकाळी पंप सुरू झाला, बंद झाला. मी टिचक्या मारत खाली आलो. निळा ठिपका आणि लाल ठिपका एकाच जागी पडले, मधे नखही शिरलं नसतं. आई समोर स्टुलावर बसली होती. तिने माझी बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली होती. मला ते दिसत होतं, जाणवत नव्हतं.

मग जाणवायला लागलं. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. हातमोज्यात कोणी आतून बोटं सारावीत तसं ते भरत गेलं.

आईचे तळवे कोरडे आणि गरम असतात. मी ज्याला हात लावत होतो ते गार होतं. ओलं. खरखरीत, काँक्रीटसारखं. मी आईच्या हातांकडे बघत होतो, ते हलत नव्हते, आणि माझी बोटं मात्र अंधारात चाचपडत वर चालली होती. खरखरीत संपलं. मऊ लागलं. दोन-तीन दिवसांची दाढी लागली. गालाचं हाड नव्हतं जिथे असायला हवं होतं तिथे. त्याच्या खाली ओठ होते.

ओठ हलत होते. माझ्या बोटांच्या टोकांना टेकून, न थांबता, दम न घेता. किती दिवसांपासून बोलत होता कोण जाणे.

"आला?" आईने विचारलं.

मी मान हलवली. तिने डोळे मिटले आणि माझी बोटं उचलून आपल्या कपाळाला लावली. तिचं कपाळ मला लागलं नाही. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, आणि ती माझ्या हातापाशी रडली, माझ्याकडे तिने बघितलं नाही. बाळा, म्हणत होती. मला ती कधी बाळा म्हणाली नाही.

"काय म्हणतो?"

तो काय म्हणतो ते कळत होतं. बोटांनी ओठ वाचता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं, पण लहानपणापासून ज्याच्या तोंडाकडे बघत मोठा झालो त्याचे ओठ होते ते. तेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होता. ते मी आईला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

"तुझी आठवण काढतो," मी म्हणालो.

"दुखतंय का विचार."

"नाही म्हणतो."

तिने डोळे पुसले. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि तिला काय विचारायचंय ते तिने विचारायच्या आधीच मला समजलं.

"तुला माफ केलं का त्याने?"

बोटांखालचे ओठ हलतच होते.

"हो म्हणतोय," मी म्हणालो.

ओठ थांबले. काही क्षण ते तसेच माझ्या बोटांवर राहिले. मग हळूच उघडले, बोटं थोडी आत गेली, आणि वरून आणि खालून दात टेकले.